उलटी रेघ, मोठा एस आणि एक वाली

सावली गावात बोलवा आहे की कमळाबाई नागापुरेंच्या कॉम्प्युटरमध्ये त्यांची मेलेली सासू बसली आहे. कागद हरवला, जुना ठराव सापडेना, दहा वर्षांपूर्वीच्या अर्जात काय लिहिलं होतं ते आठवेना, की माणूस तहसीलसमोरच्या त्यांच्या टायपिंगच्या दुकानात जातो. बाई चष्मा कपाळावर चढवतात, पडद्याकडे पाहून काहीतरी पुटपुटतात, चार-पाच खुणा मारतात आणि सासू आतून सांगते, पान दोनशे अकरा, वरून तिसरी ओळ. जाणकार तर असंही सांगतात की आधी सासूला चहा दाखवावा लागतो, नाहीतर ती बोलत नाही.

यातली फक्त चहाची गोष्ट खरी आहे. सासू मेलेली नाही. ती दुकानाच्या मागच्या खोलीत लसूण सोलत बसते, वय ब्याऐंशी, आणि साडेदहाला तिला चहा लागतो. ही बोलवा तिच्या कानावर गेली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मेली तं मेली, पन मले त्या डब्यात काऊन बसवलं? तिथी पंखा तरी हाय का?"

आणि पुटपुटण्याचं म्हणाल, तर तो मंत्र नाही. बाई टाइप करताना खुणांची नावं घेतात. "उलटी रेघ, मोठा एस, बेरीज." ऐकणाऱ्याला वाटतं, गेली बाई कामातून.

कमळाबाईंचा जन्म वैनगंगेकाठचा, ढिवर वस्तीतला. वडील नदीत जाळं टाकायचे. मुलीने मात्र टायपिंगचा क्लास लावला, मराठी तीसची परीक्षा दिली आणि टाइपरायटर घेऊन तहसीलसमोरच्या कडुनिंबाखाली बसली. मशीन गेलं, कॉम्प्युटर आला, कडुनिंब तोडला, गाळा मिळाला. एक नियम मात्र कडुनिंबाखालचा तसाच राहिला. "जसं लिवलं तसं टाइप. सुधरवनं आपलं काम नाई." एका सरपंचाने अर्जात स्वतःचंच गाव चुकीच्या तालुक्यात घातलं होतं. बाईंनी तसंच टाइप करून दिलं.

खुणांची विद्या त्यांना कोणी शिकवली नाही. कॉम्प्युटरवर लिहायचं सॉफ्टवेअर फुकटातलं आहे. एकदा एका प्रतिज्ञापत्रात कुठे दोन पूर्णविराम पडले आहेत ते बाई शोधत होत्या. शोधायच्या चौकटीत दोन टिंबं टाकली आणि बटण दाबलं, तर सगळंच्या सगळं पान निळं झालं. बाईंनी आधी देवाचं नाव घेतलं, मग वायर हलवून पाहिली. शेवटी दिसलं की खालच्या एका घरात चुकून टिक पडली आहे. नाव होतं रेग्युलर एक्स्प्रेशन्स. ती टिक असली की टिंब हे टिंब राहत नाही, ते कोणतंही एक अक्षर होतं. टिक काढली, पान पांढरं झालं. टिक लावली, पुन्हा निळं. दुसरा कोणी असता तर टिक काढून कामाला लागला असता. बाईंनी त्या दिवशी दुकान अर्धा तास आधी बंद केलं आणि आतून कडी लावून एकेक खूण टाकून पाहिली.

आज भिंतीवर एका लग्नपत्रिकेची पाठ चिकटवलेली आहे आणि तिच्यावर निळ्या पेनाने खुणा आहेत. टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर. बेरजेचं चिन्ह म्हणजे आधीचं जे असेल ते एकदा किंवा कितीही वेळा. उलटी रेघ आणि मोठा एस मिळून म्हणजे मोकळी जागा सोडून काहीही. कोणी विचारलं की हे काय, तर बाई वडिलांच्या धंद्यावर येतात.

"हे पाय, साधं शोधनं म्हंजे गळ. एका नावाच्या मासोळीसाठी एक गळ. अन् हे म्हंजे जाळं. नाव मालूम नाई, पन केवढी हाय, कशी हाय, ते मालूम हाय ना? मंग तसं भोक पाडाचं अन् टाकाचं."

विचारणारा मान हलवतो, बाहेर जातो आणि सांगतो की सासूच आहे.

गेल्या पावसाळ्यात, तलावात मत्स्यबीज सोडायच्या आधी, एका सकाळी दुकानासमोरच्या बाकावर बुधरी मेश्राम येऊन बसली. पन्नाशीची, बारीक, पायात निळ्या रबरी चपला. कमरेला घराची किल्ली बांधलेली आणि हाताला चाळा म्हणून ती किल्ली गोल गोल फिरवत होती. तिच्यामागून मच्छीमार सोसायटीचे सचिव देवानंदभाऊ भोयर आले. काखेत फाइल, शर्टच्या खिशात तीन पेन, त्यातले दोन कधीच न चालणारे.

देवानंदभाऊ वाईट माणूस नाही. त्यांना फक्त एक वाक्य लागलेलं आहे. श्वास घेतला की ते वाक्य बाहेर पडतं.

"नियमानं पाह्यलं तं," देवानंदभाऊ म्हणाले, "बुधरीबाईचं नाव सभासद यादीत बसत नाई."

"काऊन नाई बसत?" कमळाबाईंनी विचारलं.

"नियमानं पाह्यलं तं सभासद होता लटारू. लटारू वारला दोन हजार तेरात. त्याच्या जागी हिले घेतलं, असा ठराव पायजे. ठराव दाखवा, नाव घालतो. यादी आज पाचले तालुक्याच्या ऑफिसात द्याची हाय."

"अन् नाव नसलं तं?"

"तं नियमानं पाह्यलं तं औंदा तलावात जाळं नाई टाकता येनार."

बाकावरची किल्ली थांबली. बुधरी गेली बारा वर्षं गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळं टाकते. गावात हे सगळ्यांना माहीत आहे आणि म्हणूनच कोणी कधी कागद विचारला नव्हता. देवानंदभाऊ सचिव झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारला.

"ठराव झाला होता जी," बुधरी म्हणाली. "पोचूबुवानं मले बलावलं होतं. अंगठा घेतला होता. मी तं तवा अंगठाच मारत होती."

पोचूबुवा म्हणजे सोसायटीचे जुने सचिव. सभेचं इतिवृत्त हाताने लिहायचे, कमळाबाईंकडून टाइप करून घ्यायचे, त्या छापील कागदावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्यायचे आणि तो तालुक्याला पाठवायचे. ते आता नाहीत. त्यांची वही वाळवीने खाल्ली. सह्यांचे कागद तालुक्याच्या ऑफिसात गठ्ठ्यांत बांधलेले आहेत आणि तिथल्या बाबूने सकाळीच सांगितलं होतं, तारीख आणि ठराव क्रमांक आणा, कागद काढून देतो. बारा वर्षांचे गठ्ठे सोडत बसायला मला वेळ नाही.

राहिली कमळाबाईंच्या कॉम्प्युटरमधली फाइल. सोसायटीच्या सगळ्या सभा एकाखाली एक, सहाशे चाळीस पानं.

बाईंनी आधी गळच टाकला. बुधरी. एकही नाही. लटारू. दोनशे बारा वेळा, सगळे तो जिवंत असतानाचे. मेल्यानंतर त्याचं नाव फाइलमध्ये कुठेच नाही.

"पोचूबुवा मेल्या मानसाचं नाव लिवत नव्हते," बाईंना आठवलं. "म्हनत, वहीत मुर्दा आला का तलावात मासोळी नाई येत."

मग वारस. चारशे नऊ. प्रत्येक सभेच्या शेवटी पोचूबुवा एकच वाक्य लिहायचे, सभासदांनी आपापल्या वारसांची माहिती द्यावी, आणि ती माहिती कोणीही देत नव्हतं.

साडेअकरा वाजले. पंधरा ऑगस्टच्या नाटकाची प्रिंट न्यायला अकरावीतली एक पोरगी आली होती. ती प्रिंट मिळाल्यावरही गेली नाही. तिला देवानंदभाऊंचं वाक्य फार आवडायचं. गावात त्यांची सगळ्यात चांगली नक्कल तीच करते.

"बाई," ती म्हणाली, "पाचाच्या आत यादीत नाव नाई बसत. लावता पैज?"

"काय लावते?"

"मी हरले तं पंधरा दिवस भाऊंची नक्कल बंद. तुमी हरल्या तं तुमी मले त्यायची नक्कल करून दाखवाची."

"हे काय चालू हाय?" देवानंदभाऊ म्हणाले. "नियमानं पाह्यलं तं—"

"लावली," बाई म्हणाल्या, पडद्यावरून नजर न काढता. "आता चूप बस."

बाई विचार करत होत्या. पोचूबुवा वस्तीतल्या बायांची नावं कधीच लिहीत नसत. सून घरात आली की तिला माहेरच्या गावाने हाक मारायची, ही तिकडची रीतच. बोलायला ठीक आहे, पण पोचूबुवा इतिवृत्तातही तसंच लिहायचे आणि बाई जसं लिहिलं तसं टाइप करायच्या.

"बुधरी, तुहं माहेर कोनतं?"

"वैरागड."

"मंग तू वैरागडवाली."

"हो जी."

वैरागडवाली चौदा वेळा सापडली. दुकानातला पंखासुद्धा जरा जोरात फिरल्यासारखा वाटला. देवानंदभाऊ पुढे वाकले आणि चौदाच्या चौदा ठिकाणं वाचली. वैरागडवाली हिने तलावाच्या पाळीवर गोवऱ्या थापू नये. वैरागडवाली हिने पुन्हा गोवऱ्या थापल्या. वैरागडवाली हिला समज देण्यात यावी. वैरागडवाली हिने समज घेतली नाही.

"हे मी नाई जी," बुधरी म्हणाली. "हे भागीरथाबाई, माही मोठी जाऊ. तेबी वैरागडचीच. तिनं अजून गोवऱ्या थापनं सोडलं नाई."

तिला विचारलं की घरात दोघी वैरागडच्या, तर तुला काय म्हणायचे? बुधरीने आठवून पाहिलं. सासू म्हणायची लहानी. नवरा काहीच म्हणायचा नाही, नुसता खोकायचा. पोचूबुवा काय म्हणायचे ते तिला माहीत नव्हतं. ते तिच्याशी बोलले असतील नसतील दोनदा.

"झालं," देवानंदभाऊंनी फाइल काखेत मारली. "नाव नाई, गाव नाई. आता शोधाचं तरी काय? नियमानं पाह्यलं तं जे मालूम नाई ते शोधता येत नाई."

या वाक्यावर कमळाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. मागच्या खोलीतून लसणाचा वास आला.

"गाव नाई मालूम," त्या म्हणाल्या. "पन वाली तं हाय ना?"

आणि पुटपुटल्या, "उलटी रेघ, मोठा एस, बेरीज, वाली." म्हणजे मोकळी जागा सोडून काहीही, कितीही लांबीचं, आणि त्याच्या शेपटीला वाली. खालच्या घरात टिक.

तीनशे अठ्ठ्याऐंशी.

देवानंदभाऊंनी पहिली पाच वाचली. डिझेलवाली मोटर. डिझेलवाली मोटर बंद. गळकीवाली डोंगी. भाजीवाली. डिझेलवाली मोटर दुरुस्त. "वा," ते म्हणाले, "मोटरले करू का सभासद?"

"लय बारीक भोकाचं पडलं," बाई म्हणाल्या. "कचरा येऊन राह्यला." त्यांनी वालीच्या पुढे टिंब टाकलं, महिरपी कंसात शून्य, स्वल्पविराम, चाळीस, आणि कंसानंतर सभासद हा शब्द. म्हणजे वालीपासून सभासदापर्यंत मध्ये काहीही असो, पण चाळीस अक्षरांच्या वर नको. मोटरला कोणी सभासद करत नाही.

एकतीस.

"आता बुधरी, आत ये. खुर्चीवर बस. मी वाचते, तू सांग कोन."

सकाळपासून बुधरीला कोणी आत बोलावलं नव्हतं. ती खुर्चीच्या टोकावर बसली. बाई वाचू लागल्या. मुरमाडीवाली. "ते इसरूची माय." चिचगाववाली. "ते वारली मागच्या साली." आरमोरीवाली. "ते ललिता, तिचा नवरा वीज पडून गेला, तिले घेतलं होतं." पुन्हा मुरमाडीवाली. एकेक बाई पडद्यावर यायची, बुधरी तिचं घर, नवरा, मुलं सांगायची आणि बाई कागदावर खूण करायच्या. एकतीस जागा होत्या, पण बाया निघाल्या सतरा. दोन वाजता सोळा बायांची घरं सापडली होती. सतरावी राहिली.

"एटापल्लीवाली," बाईंनी वाचलं.

बुधरीने बोटांवर वस्तीतली घरं मोजून पाहिली.

"एटापल्लीची सून कोनाच्या घरी हाय?"

"कोनाच्याच नाई जी. येवढ्या दूरची कोन करते?"

बाईंनी अख्खं वाक्य वाचलं. तारीख सतरा ऑगस्ट दोन हजार तेरा. ठराव क्रमांक सहा. बिल्ला क्रमांक तेवीसचा माणूस गेल्यामुळे त्याचे जागी पिंपळाजवळच्या घरची एटापल्लीवाली यांस सभासद करून घेण्यात यावे. सर्वानुमते मंजूर.

"पिंपळाजवळ माह्यं घर हाय," बुधरी हळूच म्हणाली. "पन मी तं एटापल्लीची नाई."

"कधी गेली होती का तिथी?"

"बहिनीच्या बाळंतपनाले. बहीन तिकडं देली हाय. लग्नाच्या पयल्या साली गेली होती, दीड महिना राह्यली." ती खुर्चीवर नीट मागे सरकून बसली. "वापस आली तं मोटारीतून उतरली अन् पोचूबुवा स्टँडवर बसले होते. म्हने, कोनाची वो तू? म्या सांगतलं, मेश्रामाची सून. म्हने, कुठून आली? म्या सांगतलं, एटापल्लीहून."

एवढंच झालं होतं. पोचूबुवांनी तिला त्या दिवशी एटापल्लीची करून टाकलं, बारा-पंधरा वर्षं मनात तशीच ठेवली आणि वेळ आली तेव्हा तशीच लिहिली. कमळाबाईंनी ती तशीच टाइप केली. एटापल्लीची सून वस्तीत कोण, असं त्यांनी तेव्हा विचारलं नव्हतं. विचारणं त्यांचं काम नव्हतं. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

देवानंदभाऊ मात्र ताठ उभे राहिले.

"नियमानं पाह्यलं तं एटापल्लीवाली म्हंजे बुधरीबाईच, हे कोन म्हनते? ह्या म्हनते. पुरावा? बिल्ला तेवीस कोनाचा होता? मी बिल्ले बंद केले, कार्डं काढली. जुने बिल्ले तं लोकायनं कुठी फेकले तेबी मालूम नाई."

पोचूबुवांच्या काळात सोसायटीने प्रत्येक सभासदाला पत्र्याचा एक बिल्ला दिला होता, जाळ्याच्या दोरीला बांधायला. म्हणजे तलावात कोणाचं जाळं कोणतं ते कळावं.

"बुधरी," बाई म्हणाल्या, "लटारूभाऊचे कागद-बिगद काई?"

"कागद नाई जी काईच. सकाळीच सांगतलं ना."

"बिल्ला?"

"बिल्ला हाय ना," बुधरी म्हणाली. "बिल्ल्याले कोन कागद म्हनते?" आणि सकाळपासून जी किल्ली ती फिरवत होती ती तिने कमरेची सोडून टेबलावर ठेवली. किल्लीच्या दोरीला एक काळा पडलेला पत्र्याचा तुकडा होता. किल्ली हरवू नये म्हणून तिने तो बांधला होता. बाईंनी अंगठ्याने घासला. मागच्या खोलीतून सासूने कोणी न मागताच चिंचेचा कोळ पाठवला. मग आकडा दिसला. तेवीस.

देवानंदभाऊंनी बिल्ला उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, उजेडात धरला. मग फाइल काखेत मारली. "चला ऑफिसात," ते म्हणाले, पहिल्यांदाच ते वाक्य न लावता.

तालुक्याच्या ऑफिसात बाबूने तारीख ऐकली आणि दहा मिनिटांत कागद काढला. सहाव्या ठरावाखाली सह्यांच्या रांगेत एटापल्लीवाली असं लिहिलेलं होतं आणि त्यावर जांभळा अंगठा होता. बुधरीने आपला अंगठा शेजारी धरून पाहिला. अंगठ्याला आता जाळ्याच्या दोरीने घट्टा पडला आहे, पण तिने ओळखला. चार वाजले होते.

शेवटची यादी दुकानात टाइप झाली. देवानंदभाऊंनी पेनाने लिहून दिलं होतं, एटापल्लीवाली उर्फ बुधरीबाई लटारू मेश्राम. चालणाऱ्या पेनाने. कमळाबाईंची बोटं ए या अक्षरापर्यंत गेली आणि थांबली.

"बुधरी, काय लिवू?"

"बुधरी लिव ना जी," बुधरी म्हणाली. "एटापल्ली म्या फक्त दीड महिना पाह्यली."

बाईंनी बुधरी लिहिलं. भाऊंनी यादी वाचली, त्या ओळीवर थांबले, बाईंकडे पाहिलं आणि सही केली. बुधरीने किल्ली पुन्हा कमरेला बांधली, बिल्ला आतल्या बाजूला घेतला आणि निघाली. यादी ऑफिसात पोचली तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती.

ती अकरावीतली पोरगी मी. पैज मी हरले, सात मिनिटांनी. दुसऱ्याच दिवशी माझ्या नाटकाची प्रिंट बदलायला मी दुकानात गेले तर देवानंदभाऊ तिथेच बसलेले. त्यांनी जुने सगळे बिल्ले परत गोळा करायचं ठरवलं होतं. नियमानं पाह्यलं तं बिल्ला हाच खरा पुरावा, असं ते एका दमात चार वेळा म्हणाले, आणि पाचव्यांदा म्हणताना मधेच त्यांना शिंक आली आणि शिंकेनंतर त्यांनी वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं. कमळाबाई पडद्यामागून माझ्याकडे पाहत होत्या. मी दोन्ही ओठ दातांखाली धरून उभी राहिले. अजून चौदा दिवस होते.